हेड परत आवळणे बाकी

३ ऑक्टो., शुक्रवार

काल दसरा. मेलेल्या गाडीला झेंडूचा हार घातला. सौ.ने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडायला गाडी हलावी लागते, हे कोणी कोणाला सांगायचं. आज सकाळी लिंबू तसंच्या तसं होतं. उचलून सरबत केलं.

जीप ऑगस्टपासून अंगणात उभी. लक्षणं: पंधरा मिनिटांत उकळते, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑईल ताकासारखं. म्हणजे हेडचं, इंजिनच्या डोक्याखालचं, पॅकिंग गेलंय आणि पाणी ऑईलमध्ये शिरतंय. हे सांगायला मेस्त्री लागत नाही. आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेतलाय मी. भोरमधल्या तीन थोर गॅरेजवाल्यांची मतं अशी: एक, रेडिएटर बदला. दोन, पंप बदला. तीन, गाडी बदला.

घरीच उघडणार. आंब्याखाली. भाऊबीज २३ला. वीस दिवस पुष्कळ झाले.

५ ऑक्टो., रविवार

सौ.चा चहाबरोबर एकच प्रश्न: "भाऊबीजेला जायाचं ना?"

तिचा दादा हिर्डोशीच्या वरच्या वाडीवर. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, आता खाली उतरत नाही. हिचं गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमधलं, एसटीची पायरी चढवत नाही. फाट्यावरून वाडीपर्यंत तीन किलोमीटर दगडधोंड्यांची चढण. भाड्याच्या गाडीवाल्यांना विचारलं. फाट्यावर सोडतो म्हणतात, वर येत नाहीत, खाली पत्रा घासतो. म्हणजे ही जीप चालली तर बहीणभाऊ भेटणार, नाहीतर नाही. शिमग्यापासून भेट नाही. लग्नापासून एक भाऊबीज चुकलेली नाही, हे या आठवड्यात चौथ्यांदा ऐकलं.

चिरंजीवांचा पुण्याहून फोन. "बाबा, भंगारात द्या ती. मामांना व्हिडिओ कॉल करू." आंधळ्या माणसाला व्हिडिओ कॉल. इंजिनीअर आहेत आमचे चिरंजीव.

पाणी काढलं. पाणी कसलं, गेरूच. नळ्या सोडवल्या. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घर निघालं. त्याने तरी या गाडीचा काही उपयोग केला.

७ ऑक्टो., मंगळ.

शेजारचे अण्णा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. बँकेतून निवृत्त. जन्मात स्कूटरचा प्लग काढलेला नाही. खुर्ची आंब्याच्या सावलीत, म्हणजे जिथे मला काम करायचं तिथे, मांडली आणि विचारलं, "सर, हे सगळं परत बसेल ना?"

टॅपेट कव्हर, हेडवरचं पत्र्याचं झाकण, काढलं. त्यावर तेलाचा आणि धुळीचा बोटभर थर, खाली रंग कोणता होता तेही कळत नाही. नोझल काढले. रॉकर शाफ्ट काढला. पुशरॉड क्रमाने पुठ्ठ्यात खोचले, एक ते आठ. विद्यार्थ्यांना हेच सांगायचो: "गाढवांनो, जिथला तिथेच जायला हवा." नव्वद टक्के गाढवं तरी ढिगारा करायची.

अण्णांनी पुठ्ठा उचलून बघितला. "छान आयडिया." तिसरा आणि पाचवा खाली पडला.

हातातला पाना आदळून ठेवला. रागाने. वयाने नाही.

९ ऑक्टो., गुरु.

हेडचे अठरा बोल्ट. बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत यायचे, म्हणजे हेड वाकत नाही. फळ्यावर आकृती काढून दरवर्षी शिकवलंय.

आणि काय बघतो! मधल्या ओळीतले चार बोल्ट नुसत्या मनगटाने फिरले. पान्याला पाइप लावायचीसुद्धा गरज पडली नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण याहून घट्ट असतं.

पुरावा मिळाला. सात वर्षं ओरडून सांगतोय, हेड शेवटचं उघडलं ते वेल्ह्याच्या तान्याने, आणि त्यानेच वाट लावली.

तान्या. तानाजी. माझाच विद्यार्थी, प्रॅक्टिकलला नापास. आता वेल्ह्याच्या बाजारात गॅरेज टाकून बसलाय. नापासांनीच धंदे काढायचे आणि पास झालेल्यांनी त्यांच्याकडे गाड्या न्यायच्या, असा हा आपला देश.

हेड मात्र जागचं हललं नाही. गंजून चिकटलंय.

११ ऑक्टो., शनि.

हेड निघालं! रॉकेल मुरवत ठेवलं होतं दोन दिवस, मग लाकडाचा ठोकळा लावून चहूबाजूंनी हलके ठोके. आंब्याच्या फांदीला साखळी बांधून वर उचललं. अण्णांना म्हटलं, टोक धरा. त्यांनी खुर्ची धरली.

पॅकिंग दोन आणि तीन नंबरच्या मध्ये जळून कोळसा. बरोबर त्या सैल बोल्टांच्या खाली. निदान बरोबर, पुरावा बरोबर, आरोपी बरोबर.

संध्याकाळी चौकात चहाला गेलो. किस्सा पुन्हा सांगितला, नव्या पुराव्यासकट. किस्सा असा: सात वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत एका नातेवाइकाच्या सातबाऱ्यासाठी साक्षीला गेलो, गाडी तिथेच बसली. नाइलाजाने तान्याकडे टाकली. न्यायला गेलो तर खंडेनवमी. गॅरेजमध्ये पाटावर पाने, हातोड्या, जॅक मांडलेले, वर झेंडू, समोर उदबत्ती. आणि हे महाशय हात जोडून म्हणतात, "सर, हत्यारं बसवल्यात. आज पाना उचलत न्हाई." पूजेसाठी इंजिन अर्धवट आवळून ठेवणारा मेस्त्री! दरवेळी हशा पिकतो. आजही पिकला. चहावाल्याने तर माझ्याआधीच शेवटचं वाक्य म्हटलं.

१३ ऑक्टो., सोम.

हेड टेम्पोत घालून लेथवाल्याकडे. तळ सपाट करून घेतला. लेथवाला म्हणाला, "सर, केसाएवढं वाकलं होतं." मी म्हणालो, तान्याची कृपा. तो म्हणाला, "सैल हेडवर उकळत चालवलं की वाकतंच." हे तो मला सांगतोय. ह्याला लेथचा चक कसा धरायचा ते माहीत नव्हतं तेव्हापासून मी शिकवतोय.

दुपारी परतीचा पाऊस. ताडपत्री ओढेपर्यंत दोन सिलिंडरवर थेंब गेलेच. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "पाणी गेलं बघा आत." दिसलं मला.

हिर्डोशीहून दादाचा फोन. रेंज नाही तिथे, माणूस बांधावर उभा राहून बोलतो. नातू हात धरून नेतो. "मंदे, भात कापायला आलंय. तू येशील तवर नवा तांदूळ काढून ठिवतो." सौ. नुसती हं हं करत होती. फोन ठेवून म्हणाली, "दादाचा आवाज लई खोल गेलाय."

मी सिलिंडर पुसत होतो.

१५ ऑक्टो., बुध.

हा दिवस लिहू नये असं वाटतं. म्हणून लिहितो.

दिवाळीची साफसफाई चालू. सौ. अंगणात डबे घासत बसली होती. मी टॅपेट कव्हर तिच्यापुढे टाकलं, म्हटलं हेही घास, रॉकेल लावून. तिने राख लावून असं घासलं की गेल्या सात वर्षांत कोणी घासलं नसेल. मग हाक मारली.

"अवो, हितं कायतरी लिवलंय."

मी म्हटलं, नंबर असेल.

"नंबर न्हाई. मराठीत हाय."

थराखालून पिवळा ऑईलपेंट. ब्रशने काढलेली अक्षरं, थोडी वाकडी. "हेड परत आवळणे बाकी. दसरा झाल्यावर."

सौ.ने दोनदा वाचलं, मोठ्याने. अण्णा खुर्चीवर होतेच. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं.

मी कव्हर काढून घेतलं. खोलीत नेलं. तारेचा ब्रश हातात घेतला होता. हेही लिहून ठेवतो. घासून टाकणार होतो. अण्णांनी वाचलंय हे आठवलं म्हणून थांबलो, चांगुलपणाने नाही.

१६ ऑक्टो., गुरु.

किस्सा पूर्ण लिहून टाकतो. चौकात सांगतो तो नाही, घडला तो.

तान्या म्हणाला होता, "सर, पॅकिंग नवं हाय. ते बसंल, दबंल, मग बोल्ट सैल पडत्यात. दोन-चारशे किलोमीटर सपाटीला चालवा आन् दसरा झाला की आना, परत आवळून देतो. तवर घाट चढू नका. आज हत्यारं बसवल्यात, न्हाईतर आजच एक हात मारला असता."

एवढं मोठं बोलला. मी त्यातलं शेवटचं तेवढं घरी आणलं.

नवं पॅकिंग बसलं की हेड परत आवळायचं, हे दरवर्षी जुलैत फळ्यावर मी लिहायचो. खाली दोन रेघा मारायचो. त्या पोराने माझंच वाक्य मला सांगितलं, आणि मी म्हणालो, "तुझ्या पूजेसाठी माझं इंजिन थांबायचं काय रे?" गाडी काढली. त्या वर्षीही दसरा ते भाऊबीज तीन आठवडे होते. गेलो नाही. नापास पोराच्या दारात दुसऱ्यांदा उभं राहायचं नव्हतं. घरी स्वतः आवळावं, तर तेही केलं नाही, कारण मग तो म्हणाला ते खरं ठरलं असतं. भाऊबीजेला तशीच वाडीवर चढवली आणि तिथे पहिल्यांदा उकळली. तेव्हापासून प्रत्येक चढणीला थांबून पाणी ओततोय आणि प्रत्येक चढणीला तान्याला शिव्या घालतोय.

सौ. आज भाजी चिरताना म्हणाली, "त्यानं फोन करून मलाबी सांगितलं हुतं. वैनी, सरांना धाडा. मी तुमाला तीनदा म्हनले." चिरतच राहिली.

मला लाज वाटली. वाटली, हे शाईने लिहितोय.

१७ ऑक्टो., शुक्र., वसुबारस

लाज वाटली म्हणून इंजिन बसत नाही. पॅकिंग आणलं. आता हेड चढवायचं, तर टॉर्क पाना हवा. अठराही बोल्ट सारख्याच जोराने आवळायचे असतात. जोर पुरा झाला की हा पाना कट् करतो. अंदाजाने आवळणारे ते मेस्त्री, आपण नव्हे.

भोर पालथं घातलं. पहिला गॅरेजवाला: "हाताचा अंदाज असतो, सर." दुसरा: "ते कंपनीवाल्यांचं खूळ." तिसऱ्याकडे होता, पण त्या पान्याने त्याने खिळे ठोकले होते. तो पाना नव्हता राहिला, हातोडी होती.

लेथवाला म्हणाला, "ह्या भागात एकाकडंच चांगला हाय. वेल्ह्याला, तानाजी मेस्त्रीकडं." असं म्हणून दुसरीकडे बघायला लागला. हसत असणार.

त्या प्रॅक्टिकलचं काय झालं होतं ते आठवतंय. आयटीआयमध्ये टॉर्क पाना एकच होता. माझ्या कपाटात, कुलपात. पोरं मोडतील म्हणून. तान्याने हाताने आवळलं. "साधन वापरले नाही" असा शेरा मारून मी मार्क कापले, चार मार्कांनी गेला. त्याने पाना मागितला होता का? मागितला असावा. मी दिला नसावा.

असावा, नसावा. सत्तावीस वर्षं पोरांना सरळ उत्तर द्यायला लावणाऱ्याची भाषा बघा.

१८ ऑक्टो., शनि., धनत्रयोदशी

एसटीने वेल्हे. नसरापूरला गाडी बदलली. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू, बस दर थांब्याला भाताच्या भाऱ्यांनी अडते. शेजारचा माणूस सबंध रस्ता मोबाईलवर "हॅलो, ऐकू येतंय का" एवढंच बोलला.

वाटलं होतं टपरी असेल. शेड आहे मोठी. भात झोडायचं मशीन उघडून तान्या खाली आडवा झाला होता. आता चाळिशीचा, कल्ले पांढरे. मला बघून उठला, हात पुसले, पाया पडला. मला ते अजिबात नको होतं.

"सर, बसा. चा घ्या."

मी उभाच. म्हणालो, टॉर्क पाना हवाय, चार दिवस.

"हेड उघडलं व्हय?"

हो.

"बोल्ट सैल निगालं आसतील. मदल्या लायनीचं."

हो.

त्याने मशीनवरचं फडकं उचलून झटकलं. मी थांबलो, की आता बोलेल. हाच तो चौकातला किस्सा, वेल्ह्यापर्यंत पोचलाच असणार. शेवटी मीच म्हणालो, तुझ्याबद्दल बरंच काही बोललोय मी लोकांत.

"ठावं हाय की." हसला. "लई गिऱ्हाईक आलं त्यानं. सरांनी सात वर्सं ज्याला शिव्या घातल्या त्यो हाय तरी कोन, म्हनून बगाया येत्यात."

माझ्या शिव्यांवर याचा धंदा वाढला. मी फुकट जाहिरात केली.

पाना लोखंडी पेटीत, मखमलीत गुंडाळलेला, हळदीकुंकवाची बोटं अजून पेटीवर. "जपून वापरा, सर. पुजल्याला हाय." आणि निघताना, "परत आवळाया कदी आनताय?"

बघतो म्हणालो.

"बगू नका. आना. तवर घाट चढू नका."

तेच शब्द. तेवढ्याच सुरात. सात वर्षांत या माणसाने एक शब्द बदललेला नाही.

१९ ऑक्टो., रवि.

दिवसभर हेड बसवलं. पॅकिंग, हेड, अठरा बोल्ट. मधून सुरुवात, बाहेरच्या बाजूला गोल, तीन फेऱ्यांत. पाना सुंदर आहे. कट् असा बारीक आवाज. अण्णा म्हणाले, "मोडला काय?"

अण्णांचा हात सगळीकडे फिरतो, म्हणून पेटीला माझं कुलूप लावलं.

हेड चढलं तरी समाधान वाटत नाही. प्रत्येक कट्ला तो पोरगा आठवतो, मनगटाने अंदाज घेत आवळणारा. मी बाजूला घड्याळ घेऊन उभा.

२० ऑक्टो., सोम.

अभ्यंगस्नान पहाटे. सौ.ने पाठीला उटणं लावताना ग्रीस निघालं. रॉकर, पुशरॉड (पुठ्ठ्यातला तिसरा आणि पाचवा नक्की कोणता, यावर दोन तास. अण्णांची आठवण काढत), नोझल, नळ्या. टॅपेटची गॅप लावली.

कव्हर बसवताना थांबलो. पिवळी अक्षरं तशीच ठेवली. पुसायला वेळ नव्हता, असंही म्हणता येईल.

२२ ऑक्टो., बुध., पाडवा

काल अमावस्या म्हणून सौ.ने हात लावू दिला नाही. इकडे भाऊबीज तोंडावर आलेली आणि ही तिथी बघतेय. तरी ऐकलं. तिथीच्या नावाने हसून माझं काय झालं ते ताजं आहे.

आज सकाळी नऊ वाजता स्टार्टर मारला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. अण्णा म्हणाले, "बॅटरी असेल." तिसऱ्यांदा पांढरा धूर, खोकला, आणि मग सुरू. चारही सिलिंडर, संथ.

वीस मिनिटं चालवली. तापमानाचा काटा अर्ध्यावर थांबला, पुढे गेला नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. अंगणात बायाबापड्या जमल्या, एकीने ओवाळलं. मला नाही, गाडीला.

सौ. दारात उभी. "म्हंजी उद्या दादाकडं."

आता खरा पेच. पॅकिंग नवं आहे, एकदाच गरम झालंय. उद्या वाडीची चढण चढवली तर सात वर्षांपूर्वीचा तोच मूर्खपणा. पाना घरात आहे, घरीच परत आवळू शकतो. हात आहेत मला. पण आवळल्यावर दुसऱ्या माणसाने तपासायचं असतं, हेही मीच शिकवलंय, आणि अण्णांनी तपासायचं म्हणजे.

सौ.ला सांगितलं: पहाटे आधी वेल्हे, मग हिर्डोशी. उत्तरेला जाऊन, परत फिरून पश्चिमेला यायचं. वाटलं चिडेल.

"तो बी भाऊच की कुनाचा तरी," म्हणाली. "त्याला लाडू घेते."

२३ ऑक्टो., गुरु., भाऊबीज

नसरापूर फाटा. दुपारचे पावणेबारा. गाडीत बसून लिहितोय, सौ. वडापाव आणायला गेली आहे. गुडघा धरत का होईना, स्वतः गेली. सणाच्या दिवशी वडापाव.

सहाला भोरहून निघालो, सव्वा तास काटा अर्ध्यावर. वेल्ह्याला तान्याचं गॅरेज बंद, सण. घरून बोलावलं, बहीण ओवाळायला बसली होती, तिचा टिळा तसाच कपाळावर घेऊन आला. "गार होऊ द्या आदी," म्हणाला आणि दोन तास बॉनेट उघडं ठेवून आम्हाला अंगणात बसवलं. फराळ दिला. चकली मऊ होती. त्याच्या बहिणीने सौ.च्या गुडघ्याखाली उशी ठेवली.

मग कव्हर काढलं. पिवळी अक्षरं दिसली तसा हात थांबला त्याचा. माझ्याकडे बघितलं नाही. फडक्याने त्यावरचं तेल पुसलं, अक्षरं नाही, आणि कव्हर अलगद बाजूला ठेवलं.

पेटी मी गाडीतून आणली. कुलूप काढून पाना पुढे केला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आदी मी हातानं घेतो. मग तुमी त्यानं तपासा."

साध्या पान्याने अठरा बोल्ट आवळले. डोळे मिटल्यासारखे करून, कान लावून. सात-आठ बोल्ट पाव फेरा गेले. म्हणजे सैल पडलेच होते, माझ्या तीन फेऱ्या आणि मखमलीसकट. घाटात गेलो असतो तर संपलं होतं.

मग मी तपासलं. एक. कट्. दोन. कट्. जरासुद्धा न हलता, अठराच्या अठरा. तिकडचा शेवटचा, कोपऱ्यातला, त्याला हात नीट पोचत नाही, तोसुद्धा. मी मुद्दाम दोनदा तपासला.

तान्या शेजारी उभा. हात मागे. प्रॅक्टिकलला उभा राहायचा तसाच.

"मंग सर?"

काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. एक शब्द: पास. मी म्हणालो, "ठीक आहे. उशीर होतोय." ठीक आहे! चौकात याच्या बदनामीवर अर्धा अर्धा तास बोलणारा माणूस मी.

रॉकर, गॅप, कव्हर त्याने पटापट बसवलं. आम्ही निघालो. तो रस्त्यापर्यंत आला, म्हणाला, "चढनीला दुसऱ्यावर घ्या, घाई करू नका." दादाचा तोवर दोनदा फोन येऊन गेलेला, बांधावर उभा आहे, मंदी येईस्तोवर जेवत नाही म्हणतो.

आता इथे पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली. टॉर्क पान्याची पेटी आत. पाना मखमलीत, झाकण बंद, माझं कुलूप लावलेलं, किल्ली माझ्या खिशात. कधी ठेवली मला आठवतही नाही. तपासून झालं, पुसला, पेटीत घातला, कुलूप लावलं, पेटी उचलली. सत्तावीस वर्षांची हाताची सवय.

तान्या समोरच उभा होता. त्याने बघितलं असणार. बघितलंच. पाना त्याचा आहे, आणि तो "सर, पाना हितंच ऱ्हाऊ द्या" एवढंही बोलला नाही. प्रॅक्टिकलला मार्क कापले तेव्हाही बोलला नव्हता.

परत गेलो तर जाऊन येऊन दीड तास. वर दादा उपाशी. पुढे गेलो तर पाना कुलपासकट हिर्डोशीला.

त्याचा नंबर पेटीच्या झाकणावर पिवळ्या ऑईलपेंटनेच लिहिलाय. फोन हातात आहे. पान्याचं सांगणं सोपं आहे, दोन दिवसांत आणून देतो म्हणायचं. त्याच्याआधी जे म्हणायला पाहिजे ते अजून तोंडात आहे. सौ. वडापावच्या गाडीवरून निघालेली दिसतेय, लंगडत, दोन्ही हातांत पुड्या. ती येऊन बसायच्या आत लावतो.